बोनेटवर दोन थापा

गाडी बंद पडली, असं नानांसमोर म्हणायची सोय नव्हती. "बंद पडाले ती काय दुकान शे?" असं ते फटकन विचारायचे. त्यांच्या लेखी गाडी बसायची. चालून दमलेलं माणूस कडेच्या दगडावर टेकतं तशी ती बसायची, आणि अशा माणसाला आपण लगेच काखेत हात घालून उठवत नाही, म्हणून गाडीलाही उठवायचं नाही. आधी चावी काढून खिशात टाकायची. मग मागच्या सीटखालची गोधडी काढायची, सावली बघून अंथरायची आणि गाडीकडे पाठ करून बसायचं. त्यांनी एकट्याने नव्हे, गाडीत असतील त्या सगळ्यांनी. कुणी मान वळवून बोनेटकडे पाहिलं तर नाना रागवायचे.

"आजारी मानूसकडे असं टकमक देखस का कोनी? तिले लाज वाटस."

बरोबर पंधरा मिनिटांनी ते उठायचे, बाह्या दुमडायचे आणि एकटेच गाडीकडे जायचे. तापलेलं इंजिन लगेच उघडू नये हे त्यामागचं साधं कारण मला फार उशिरा कळलं. ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लाजेचंच कारण त्यांना जास्त पटत असावं.

परवा धुळ्याहून साक्रीकडे जाताना माझी ऑफिसची गाडी अशीच थांबली. गाडी नवी, आतून थंडगार, समोर टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर एक पिवळा दिवा लागला आणि ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हातच काढून घेतले. म्हणाला, "मॅडम, आता कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईल. आपण बोनेट उघडलं तर वॉरंटी जाते." मी खाली उतरले, एका निंबाची सावली शोधली आणि गाडीकडे पाठ करून बसले. त्या बिचाऱ्याला वाटलं मॅडम चिडल्या. पाण्याची बाटली आणून दिली, वर चारदा सॉरी म्हणाला. मी चिडले नव्हते. मला नानांची आठवण आली होती.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खात्याच्या जळगावच्या ऑफिसात एकच चालती जीप होती आणि ती चालवणारे एकच नाना होते. आमचं काम विहिरी मोजायचं. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींवर वर्षातून चारदा जायचं, टेपला वजन बांधून आत सोडायची, पाणी किती खोल गेलं ते लिहून घ्यायचं. मदतनिसाची जागा कित्येक वर्षं रिकामीच होती. त्यामुळे मी आणि नाना, दोघंच फिरायचो. मी जळगाव शहरातल्याच पिंप्राळ्यात वाढलेली, स्कूटीपलीकडे काही न चालवलेली मुलगी. पहिल्याच फेरीत रावेरजवळ केळीच्या बागेतल्या चिखलात आम्ही रुतलो तेव्हा मी रडवेली होऊन ऑफिसला फोन लावायला लागले होते. नानांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि हातात भाकरीचा तुकडा ठेवला. फोन पुन्हा मागितला तर म्हणाले, आधी खा.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. खात्याने दिलेलं टूलकिट सीटखाली नवंकोरं पडून, आणि हा डबा मात्र मांडीशी. त्यात सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या, जुन्या लुगड्यांचे काठ, बाभळीच्या तासलेल्या खुंट्या आणि धुण्याच्या साबणाची वडी. डिझेलच्या टाकीला दगड लागून चीर गेली तेव्हा त्यांनी त्या चिरेवर मुलाच्या गुडघ्याला मलम लावावं तसा साबण घासला. थेंब थांबला. आम्ही त्याच साबणावर चाळीसगावपर्यंत गेलो आणि परतही आलो.

रेडिएटर गळायला लागला तेव्हा डब्यात काही उपाय निघेना. रावेरकडचीच एक बाई केळीच्या बागेत काम करत होती. नानांनी तिच्याकडे हळद मागितली.

"हयद? किती लागीन?" तिने विचारलं.

"वाटीभर."

"कोन्ही भाजलं का काय?"

"गाडी भाजनी माय."

ती घरून वाटी घेऊन आली आणि नाना ती हळद रेडिएटरच्या तोंडात ओततात हे बघून पदर तोंडाला लावून हसत सुटली. इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवलं, हळद फुगून भेगेत बसली, गळती थांबली. मग नाना त्या बाईला गंभीरपणे म्हणाले, "आते ती नवरी शे. सासरले जावालोंग हयू हयू चालाडनी पडी." पुढे आठवडाभर जीपला हळदीचा वास यायचा, आणि ऑफिसात जो तो विचारायचा, लग्न कुणाचं.

डांबरी रस्ता असेपर्यंत मी त्यांची मॅडम असायचे. डांबर संपून गाडीवाट लागली की मी ताई व्हायचे, आणि गाडी बसली की थेट माय. परत डांबर लागलं की पुन्हा मॅडम. यात कधी चूक झाली नाही. मीही त्यांना ऑफिसात साहेबांसमोर अहो-जाहो करत "ड्रायव्हर" म्हणायचे आणि बाहेर पडताच नाना.

त्यांचे नियम फार. गाडीत गप्पा मारायच्या नाहीत. गाण्यांना तर बंदीच. मागून हाक मारली तर ते ढिम्म हलायचे नाहीत. "बोलनं व्हई ते समोर ईसन बोला. पाठीमांगून बोलनारावर मना भरोसा नही." ऑफिसातले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला माज आहे. साहेब मागच्या सीटवरून "गाडी डावीकडे घ्या" म्हणाले की नाना सरळ जायचे. एका नव्या साहेबांनी त्यावरून त्यांना लेखी समज दिली होती. तो कागद नानांनी घडी करून एअर फिल्टरच्या सैल झाकणात बसवला. झाकण पुन्हा कधी वाजलं नाही, हे मात्र खरं.

या नियमांच्या बदल्यात त्यांना एक विद्या होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. ते कानाने गाडी ओळखायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायची, टोक इंजिनवर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. डॉक्टर काय ऐकेल असं ऐकायचे. जिल्ह्यातले निम्मे सरकारी ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायचे. "आते कोन बोली राहिनं ते समजनं पाहिजे," असं ते म्हणायचे.

ही विद्या कधी कमी झाली ते कुणाला कळलं नाही. मलाही नाही. सुरुवातीला विहिरीत टेप तेच सोडायचे. वजन पाण्याला टेकल्याचा डुबुक असा आवाज माझ्या आधी त्यांना यायचा आणि ते आकडा सांगायचे. एक दिवस म्हणाले, "टेप तुम्ही धरा, शिका." मला वाटलं, शिकवतायत. मी मन लावून शिकले.

मे महिन्याची फेरी होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरची विहीर मोजून आम्ही परत निघालो होतो. डांबर अजून दहा-बारा किलोमीटर लांब. कोरड्या नाल्याच्या पात्रातून जाताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. नानांनी गाडी थांबवली, आम्ही पळसाच्या सावलीत गोधडी टाकून पंधरा मिनिटं गाडीकडे पाठ करून बसलो आणि मग ते कामाला लागले. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून हाताने हलवली. जुनी गाडी, दोन्ही चाकं थोडी थोडी खेळत होती. कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलं आहे ते आता कानच सांगणार होता. नाही तर दोन्ही खोलायची, आणि त्या उन्हात दोन्ही खोलायची म्हणजे सगळा दिवस.

नानांनी डावं चाक हाताने फिरवलं आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. मी आठ-दहा हातांवर होते. मला करकर स्पष्ट ऐकू आली, दाताखाली खडा यावा तशी. नानांनी मान हलवली. "आठे काही नही." मग उजवं चाक फिरवलं. ते गुपचूप फिरलं. नानांनी पुन्हा मान हलवली. "आठे बी नही."

मी म्हटलं, "नाना, डावं चाक." ते जॅक उतरवत होते. मी पुन्हा म्हटलं. मग ओरडले. नाल्याच्या पलीकडे शेळ्या चरत होत्या, त्यांनी माना वर केल्या. नानांनी केली नाही.

मी जाऊन त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसले आणि म्हटलं, "नाना, डाव्या चाकात आवाज आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डावं चाक पुन्हा फिरवलं, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, दाबून लावला. करकर होतच होती. हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की मलाच दुसरीकडे बघावंसं वाटलं.

त्या एका मिनिटात मला त्यांचे सगळे नियम कळले. समोर येऊन बोला, गाडीत गप्पा नको, टेप तुम्ही धरा. ज्याला सगळे माज म्हणत होते ते सगळं एका माणसाने आपली विद्या गेल्याचं लपवायला उभं केलेलं कुंपण होतं. आणि मी रोज शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं.

नानांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तुम्ही आयका, माय. कसा शे आवाज? ज्वारी दयाना, का हरबरा भरडाना?"

मी डोळे मिटले. जात्यावर ज्वारी दळताना एकसारखी घरघर येते, हरभरा भरडताना तुटक तुटक. हे तुटक होतं. "भरडतंय," मी म्हटलं.

"मंग गोया फुटन्यात," ते म्हणाले आणि चाक खोलायला बसले.

खरंच बेअरिंगच्या गोळ्या फुटल्या होत्या. दुसरं बेअरिंग जवळ नव्हतं. नानांनी पायातली चप्पल काढली. चोपड्याच्या मोच्याने शिवलेली जाड कातड्याची चप्पल. तिची पट्टी कापली. पाड्यावर मागे जाऊन एका म्हाताऱ्याकडून मोहाच्या बियांचं तेल आणलं, त्यात ती पट्टी मुरू दिली आणि बेअरिंगच्या जागी दांड्याभोवती घट्ट गुंडाळून वर नट बसवला. "सावकाश गयं ते डांबरलोंग चाली," असं म्हणाले. पट्टी जळायला लागली तर बदलायला दुसरी चप्पलही कापून ठेवली. मेच्या वाळूत ते अनवाणी उभे होते आणि मला विचारत होते, तुम्ही पाणी प्यायल्या का.

पण पट्टी जळायला लागली हे कळणार कसं? आवाजावरून. म्हणून मी डाव्या मडगार्डवर बसले, पाय बंपरवर टेकवून, मान चाकाकडे वाकवून. ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा ठरलं, बोनेटवर एक थाप म्हणजे चला, दोन थापा म्हणजे थांबा. दोन थापा मारल्या की नाना उतरायचे, चाकाच्या मध्यावर तेल सोडायचे, गरम आहे का बोटाने बघायचे. माणूस चालेल त्या चालीने आम्ही निघालो. वीसेक वेळा थांबलो. पत्रा एवढा तापलेला की माझ्या तळहाताला फोड आले. मला ते घरी जाईपर्यंत कळलं नाही. एवढं मन लावून मी त्याआधी आणि त्यानंतर काही ऐकलेलं नाही.

डांबर लागलं तरी त्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. टपरीवर चहा घेतला. नाना माझ्यासमोर बसले, माझ्या तोंडाकडे बघत.

"मना दोन वरीस राही गयात," ते म्हणाले. "साहेबले समजनं ते माले खुर्चीवर बठाडतीन. खुर्चीवर बठीसन मी काय करू, ताई?"

मग त्यांनी विचारलं, "सांगशात का?"

जूनमध्ये दर वर्षी एक फॉर्म यायचा. डॉक्टर समोर बसवून नाव, गाव विचारायचे, त्यात नाना पास व्हायचे. खालचा एक रकाना गाडी वापरणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे माझा. वाहनचालक वाहन चालवण्यास योग्य आहे का? मी लिहिलं, योग्य. आज माझ्या हाताखालच्या कुणी असं लिहिलं तर मी त्याला घरी पाठवीन. तेव्हा लिहिताना माझा हात अडखळला नाही.

त्यानंतर मी त्यांचे कान झाले. पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर बोटं ठेवायची. मागून हॉर्न आला की एक टिचकी, थांबायचं असलं की दोन. भडगावला गिरणेच्या पुलावर, पारोळ्याच्या चौकात, घाटात, सगळीकडे. घरी जेवताना ताटाच्या कडेवर माझी बोटं आपोआप वाजायची. नवरा हसायचा. मी त्यालाही काही सांगितलं नाही. आणि नाना मला शिकवत राहिले. त्यांना ऐकू येत नसलेला प्रत्येक आवाज त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. मी वर्णन करायचे, ते ओळखायचे. आमच्या दोघांत मिळून एक चांगला मेकॅनिक होता. ते दिवस मला परत हवे आहेत. दुसरं काही मागायला सांगितलं तरी मी तेच मागेन.

आणि ते मी स्वतःच संपवले. नवऱ्याची नोकरी धुळ्याला, मुलगी लहान, रोजची ओढाताण. मी धुळ्याला बदलीचा अर्ज केला आणि नानांना सांगितलं नाही. डिसेंबरात ऑर्डर आली. नानांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. पाच महिन्यांनी सोडा, असं साहेबांना म्हणता आलं असतं. साहेब भले होते, त्यांनी ऐकलंही असतं. मी म्हटलं नाही. मुलीच्या शाळेचं कारण मी स्वतःला देत होते, आणि ते खरंही होतं.

नानांना मी समोर बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, सामान किती आहे. मग एका सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून त्यांनी स्वतः माझं सामान जीपमध्ये भरलं आणि आम्हाला धुळ्याला सोडलं. हायवेवर माझी बोटं डॅशबोर्डवर होती. धुळ्यात कपाटं वर चढवून झाल्यावर मी जिन्यात त्यांच्या समोर उभी राहिले.

"नाना, जाताना एकटेच. मागून ट्रक येतात."

"आरसा शे ना," ते म्हणाले.

"आणि जानेवारीच्या फेरीला कोण येणार तुमच्याबरोबर?"

"इन कोनी बी." मग माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "मी येस आते, मॅडम." खाली डांबरी रस्ता होता.

नाना जाऊन आता तीन वर्षं झाली. निवृत्तीनंतर ते भडगावजवळ त्यांच्या गावी राहायचे. धुळ्याहून ते काही लांब नाही. मी गेले नाही. फोनवर त्यांच्याशी बोलता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून तोंड दाखवावं लागायचं, आणि मला तेवढंच जमत नव्हतं. पुढच्या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करत राहिले. गेल्याची बातमी कळली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आता जायला हवं. वेड्यासारखं.

धुळ्याला सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावच्या ऑफिसातल्या बड्या क्लार्कना फोन लावला होता. मी नव्या घरात खोकी फोडत होते. नाना नीट पोचले का, एवढंच मला विचारायचं होतं.

"पोचले हो. पण मॅडम, आज एक नवलच झालं," ते म्हणाले. "ऑफिस उघडल्या उघडल्या साहेबांकडे गेले, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, माले ऐकू येस नही. गाडी दुसऱ्याला द्या. पाच महिने राहिले होते, गुपचूप काढायचे ना! आता बसवलंय त्यांना आवक-जावकच्या टेबलाशी, खुर्चीवर."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"साहेबांनी विचारलं, नाना, कधीपासून ऐकू येत नाही? तर म्हणाले, कालपाईन." बडे क्लार्क हसत होते. "कालपासून म्हणे! असं एका दिवसात कुणी बहिरं होतं का हो, मॅडम?"

"होतं," मी म्हटलं.